छोट्या इंग्रजी कंट्री हाउसचे दार समोरून का दिसत नाही?

मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमध्ये स्थायिक झाली की आईवडिलांची एक उन्हाळी फेरी ठरलेली. लंडन झाले, बाथ झाले, स्टोनहेंजचे दगड मोजून झाले की एखाद्या शनिवारी मुले जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या वार्षिक सभासदत्वाचे पैसे वसूल करायला गाडी एका जुन्या घराकडे वळवतात. दाराशी एक हसतमुख स्वयंसेवक आजोबा उभे असतात. ते अगदी प्रेमाने ग्रेट चेंबर, लाँग गॅलरी, स्क्रीन्स पॅसेज असे काहीबाही सांगतात, आणि आपण मान डोलावत पुढच्या खोलीत जातो. बाहेर पडल्यावर लक्षात राहते ती बाग.

हा लेख अशा मान डोलावणाऱ्यांसाठी. उदाहरणाला मालिकांत दिसणारा शंभर खोल्यांचा महाल घ्यायचा नाही. मोठ्या घरात बांधणाऱ्याच्या अडचणी पैशाने झाकल्या जातात. छोट्या घरात त्या उघड्या राहतात, आणि वास्तुरचना समजते ती या अडचणींतून. म्हणून आपण घेऊ चॅसलटन हाउस. ऑक्सफर्डशायरच्या कडेला, कॉट्सवोल्ड टेकड्यांत, मॉर्टन-इन-मार्श गावाजवळ. बांधकाम १६०७ ते १६१२.

कंट्री हाउस म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे फार्महाउस म्हटले की शनिवार-रविवारची जागा डोळ्यापुढे येते. कंट्री हाउस ते नव्हे. आजूबाजूच्या जमिनीचा खंड ज्या घरी जमा होतो, त्या जमीनदाराचे ते राहते घर. घर आणि जमीन एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. शेतकऱ्यांनी खंड द्यायचा, मालकाने त्यावर घर चालवायचे आणि परिसरात आपले वजन राखायचे. घराचा दर्शनी भाग हा या वजनाचा जाहीर पुरावा. ‘छोटे’ हा शब्दही जपून वापरायचा. चॅसलटनला तीन मजले आहेत, दोन्ही अंगांना जिन्यांचे दोन मनोरे आहेत आणि मधोमध एक लहान चौक आहे. सरदार-उमरावांच्या प्रासादांपुढे ते छोटे, इतकेच.

बांधणारा वॉल्टर जोन्स. पेशाने वकील, घराण्याचा पैसा लोकरीचा. म्हणजे जुना सरदार नव्हे, नवश्रीमंत. त्याने १६०४ मध्ये ही जमीन रॉबर्ट केट्सबीकडून विकत घेतली. पाच नोव्हेंबरला इंग्लंडभर फटाके फुटतात ते ज्या कटामुळे, त्या १६०५ च्या, पार्लमेंट उडवून देण्याच्या दारूगोळा कटाचा म्होरक्या हाच. १६०१ च्या एका बंडात सामील झाल्याबद्दल त्याला जबर दंड झाला होता आणि जमीन विकण्याची पाळी आली होती. जोन्सने तिथले जुने घर पाडले आणि नवे उभारायला घेतले. त्याला काय हवे होते ते उघड आहे: आपण कालपरवा आलेले नाही असे लोकांना वाटले पाहिजे, आणि आपल्याला आजची फॅशन कळते असेही वाटले पाहिजे. या दोन इच्छा एकमेकींच्या विरोधात जातात. सगळी गंमत तिथेच आहे.

आधी फक्त एक मोठी खोली होती

हा विरोध समजण्यासाठी तीनशे वर्षे मागे जावे लागेल. श्रॉपशायरमध्ये स्टोकसे कॅसल नावाची वास्तू आहे. नाव किल्ल्याचे, पण खरे तर ते तेराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स ऑफ लडलो नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेले घर. तोही लोकरीचाच व्यापारी. त्या काळी इंग्लंडमध्ये पैसा मेंढीच्या पाठीवर उगवत असे.

या घराचा गाभा म्हणजे हॉल. एकच प्रचंड खोली, वर थेट छपराच्या तुळया. जमिनीच्या मध्यावर उघडी आगटी होती, धूर वर चढून जमेल तिथून बाहेर पडायचा. तिथल्या तुळयांवरची काजळी आजही दिसते. खिडक्यांच्या फक्त वरच्या भागात काच होती, खाली लाकडी झडपा. या एका खोलीत मालक, त्याचे कुटुंब, नोकर, पाहुणे सगळे जेवत, आणि बरेचसे तिथेच झोपत.

सगळे एकत्र म्हणजे सगळे सारखे नव्हे. हॉलला दोन टोके असत. वरच्या टोकाला मालकाचे मेज, बहुधा थोड्या उंच ओट्यावर. शेजारी एक मोठी खिडकी, म्हणजे उजेड त्याच्यावर. खालच्या टोकाला घराचे दार, आणि त्यापलीकडे बिअरचे कोठार, पावाचे कोठार, स्वयंपाकघराची वाट. दार उघडले की वारा आणि नोकरांची ये-जा सरळ हॉलमध्ये घुसू नये म्हणून तिथे लाकडी पडदी उभारत. पडदी आणि कोठारांच्या भिंतीमधली जी अरुंद वाट, तो स्क्रीन्स पॅसेज. आपण त्याला नुसते बोळ म्हणू. वाड्याच्या देवडीचे काम हा बोळ करतो: आलेल्याला आत घेतो, पण आतले सगळे एकदम दाखवत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घराचे दार हॉलच्या टोकाला असते, मध्यावर कधीच नसते. मध्यावर दार म्हणजे आलेला प्रत्येक जण थेट जेवणाऱ्यांच्या पुढ्यात.

मालक हॉल सोडून गेला

पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत मालक हळूहळू हॉलमधून उठून गेला. आधी जेवणानंतर मागच्या खोलीत, मग जेवायलाही वरच्या मजल्यावर. नोकरांवर नजर मात्र ठेवायची होती. विल्टशायरमधल्या ग्रेट चॅलफील्ड मॅनरमध्ये (साधारण १४६५ ते १४८०) हॉलच्या भिंतीत उंचावर दगडी मुखवटे बसवलेले आहेत. त्यांचे डोळे आरपार कोरलेले. वरच्या खोलीत उभे राहून त्या डोळ्यांतून खाली काय चालले आहे ते बघता येते. खाली बसलेल्यांना ते ठाऊक होतेच. कदाचित धाक त्यातच होता.

हे वेगळे राहणे परवडले ते धुरांड्यामुळे. आगटी जमिनीच्या मध्यावर असेपर्यंत हॉलवर मजला चढवणे शक्यच नव्हते, धूर जाणार कुठे? आग भिंतीत गेली, तिला स्वतःची दगडाची किंवा विटांची नळी मिळाली, आणि एकाच्या डोक्यावर एक खोल्या बांधता आल्या. प्रत्येक खोलीला स्वतःची आग, म्हणून प्रत्येक खोलीला दार लावून बसणारा माणूस. १५७७ साली छापलेल्या एका देशवर्णनात गावातले म्हातारे सांगतात की आपल्या हयातीत तीन गोष्टी पार बदलल्या: धुरांड्यांची संख्या, अंथरूण-पांघरूण आणि जेवणाची भांडी. धुरांड्याचा नंबर पहिला आहे.

आणि मग इटलीची फॅशन आली

सोळाव्या शतकात छापील पुस्तकांतून, नक्षीच्या चित्रांतून इटलीतली प्रबोधनकाळाची वास्तुकला इंग्लंडात झिरपू लागली. तिचा पहिला नियम सममिती: मधोमध एक रेघ ओढली तर डावी-उजवी बाजू सारखी दिसली पाहिजे. जुनी इंग्रजी घरे अशी नसत. आतली खोली जशी हवी तशी बाहेरची भिंत, खिडकी जिथे लागेल तिथे खिडकी.

आता वॉल्टर जोन्सच्या जागी स्वतःला ठेवा. दर्शनी भाग सममित हवा, म्हणजे दार मध्यावर हवे. पण आत घरंदाजपणाची खूण म्हणून जुन्या पद्धतीचा हॉल हवा, म्हणजे दार टोकाला हवे. दोन्ही कसे जमणार?

या कोड्याला त्या काळात एक फार धाडसी उत्तर निघाले होते. डर्बीशायरच्या हार्डविक हॉलमध्ये (१५९० ते १५९७) रॉबर्ट स्मिथसन या नामांकित गवंडी-रचनाकाराने हॉलच काटकोनात फिरवला. तो दर्शनी भिंतीला समांतर न ठेवता घराच्या आत खोलवर जाणारा केला. त्यामुळे दार मध्यावर आले आणि हॉलच्या टोकालाही राहिले. हुशारीच, पण तिथे मालकीणबाई इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक होत्या, घराचा पसारा अफाट होता आणि हॉल कुठेही वळवला तरी जागा कमी पडणार नव्हती.

चॅसलटनचे उत्तर वेगळे आहे आणि मला ते जास्त आवडते, कारण त्यात थोडी लबाडी आहे. फाटकातून आत आलात की समोर दगडी घर उभे दिसते. रुंद खिडक्या, वर त्रिकोणी माथ्यांची रांग, दोन्ही कडांना कंगोऱ्यांचे मनोरे. भिंतीच्या मध्याच्या दोन बाजूंना दोन भाग पुढे आलेले, दोन्ही हुबेहूब सारखे. सगळे बरोबर, फक्त दार दिसत नाही. मध्यावर खिडकी आहे. पायऱ्या चढून वर जावे तेव्हा कळते की दार पुढे आलेल्या एका भागाच्या कुशीत आहे, समोर तोंड न करता बाजूला तोंड करून. त्या दारातून आत गेले की आपण थेट जुन्या पद्धतीच्या बोळात उभे असतो, शेजारी कोरीव ओकची पडदी आणि पडदीपलीकडे हॉल. दुसरा पुढे आलेला भाग म्हणजे हॉलच्या वरच्या टोकाची, मालकाच्या मेजाशेजारची खिडकी. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या या दोन भागांपैकी एक नोकर-पाहुण्यांच्या टोकाचा आणि एक मालकाच्या टोकाचा. चेहरा १६१२ चा, सवयी १३०० च्या.

या घराचा आराखडाही स्मिथसनचाच असावा असे काही अभ्यासक मानतात, पण तसा कागद उपलब्ध नाही. त्या काळी आजच्यासारखा आर्किटेक्ट नसेच. गवंड्यांचा मुकादम, मालकाची हौस आणि शेजारच्या घरावरून घेतलेले माप यांतून बहुतेक घरे उभी राहत.

एवढ्या खिडक्या कशासाठी?

थंड देशात रुंद खिडक्या म्हणजे वेडेपणा वाटतो, आणि उबेच्या हिशेबाने तो होताच. पण काच महाग होती, म्हणून खिडकी ही श्रीमंती होती. मोठे तावदान करता येत नसे. लहान लहान तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांनी जोडत. आणि रुंद खिडकीवरच्या भिंतीचे ओझे पेलायला मध्ये दगडी दांडे उभे करावे लागत. इंग्रजी घरांच्या खिडक्यांत जी दगडी जाळीसारखी विभागणी दिसते, ती मुळात नक्षी नाही, ते खांब आहेत.

थंडीवर उपाय आतून होता: भिंतींना ओकच्या फळ्या, त्यावर चित्रे विणलेले लोकरीचे पडदे, पलंगाला चारी बाजूंनी पडदे. आता संग्रहालयात ठेवलेली ‘कला’ वाटणारी ही वस्त्रे घरात रजईसारखी वापरात होती.

वरच्या दोन खोल्या: एक दाखवण्याची, एक चालण्याची

मालक वर गेला म्हणजे कुठे गेला? ग्रेट चेंबरमध्ये. ही घरातली सर्वांत मानाची खोली. पाहुण्याला इथे बसवायचे, मेजवानी इथे द्यायची. चॅसलटनच्या ग्रेट चेंबरमध्ये छतातून चुन्याच्या नक्षीचे लोलक खाली उतरलेले आहेत, भिंतींच्या वरच्या पट्ट्यात प्रेषित आणि भविष्यवेत्त्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. साध्या पाहुण्याची पायरी हॉलपर्यंत, बड्या पाहुण्याची इथपर्यंत. किती खोल्या ओलांडू दिल्या यावरून माणसाची किंमत कळे.

आणि सगळ्यात वर लाँग गॅलरी. घराच्या उत्तर बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी, सुमारे २२ मीटर लांब, जवळपास रिकामी खोली. वर पिंप आडवे कापून उपडे ठेवावे तसे गोलाई घेतलेले छत, सबंध चुन्याच्या नक्षीने भरलेले. त्या काळातली अशा आकाराची जी छते इंग्लंडात टिकून आहेत, त्यांत हे सर्वांत लांब. खोलीचा उपयोग? पाऊस असेल तेव्हा येरझाऱ्या घालणे. इंग्लंडचा पाऊस लक्षात घेतला तर ही चैन म्हणता येणार नाही. शिवाय ज्याच्याकडे चालण्यासाठी म्हणून वेगळी खोली आहे त्याच्याकडे बाकी सगळे असणारच, हे सांगायची गरज उरत नसे.

मग पुढच्या पिढ्यांनी बदलले का नाही?

हा प्रश्न रास्त आहे, कारण बाकीच्यांनी बदलले. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर दोन खोल्या जाडीची, चौकोनी, मधोमध दाराची घरे आली. हॉल नुसता येण्याजाण्याचा दिवाणखाना झाला आणि नोकरांना मागचा जिना मिळाला. अठराव्या शतकात पुन्हा नवी फॅशन, एकोणिसाव्यात पुन्हा. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी दर तीन पिढ्यांनी घराचा तोंडवळा बदलला.

जोन्स घराण्याकडे पैसा राहिला नाही. राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत ते राजाच्या बाजूने होते, म्हणजे हरणाऱ्या बाजूने. १६५१ मध्ये वॉर्स्टरच्या लढाईतून पळून आलेला आर्थर जोन्स घरातल्या एका चोरखोलीत लपला, शत्रूचे शिपाई मागोमाग आले, आणि त्याच्या बायकोने, सेराने, त्यांच्या पेयात अफूचा अर्क मिसळून त्यांना झोपवले, अशी कथा घराण्यात चालत आली. नवरा वाचला, तिजोरी नाही. विसाव्या शतकातल्या शेवटच्या मालकीणबाई पाहुण्यांना सांगत की काय करणार, युद्धात आमचे पैसे गेले. पाहुण्याला वाटे, हिटलरच्या. त्यांच्या मनात १६४० च्या दशकातली यादवी असे.

तेव्हा घर जपले ते दूरदृष्टीने नव्हे, चणचणीमुळे. १६३३ मध्ये केलेल्या सामानाच्या यादीतल्या काही वस्तू अजून तिथे आहेत. एकोणिसाव्या शतकात लाँग गॅलरीच्या छताचा काही भाग गळतीने कोसळला, तो थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्त झाला. गळतीचे कारणही रचनेतच आहे. त्रिकोणी माथ्यांची रांग खालून देखणी दिसते, पण दोन माथ्यांच्या मध्ये प्रत्येक ठिकाणी एक पन्हळ तयार होते. तिथे शिशाचा पत्रा अंथरतात, पाने साचतात, पत्रा फाटतो. सपाट उताराच्या छपराला हा ताप नाही. एक बदल मात्र १८६० च्या दशकात झाला: वंशज वॉल्टर जोन्स व्हिटमोर याने इथल्या हिरवळीवर क्रोकेचे, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू टोलवण्याच्या खेळाचे, नियम बसवले आणि छापले. भिंतींना त्याने हात लावला नाही.

मोडके तसेच ठेवायचे, याला काय अर्थ?

१९९१ मध्ये राष्ट्रीय वारसा निधीने हे घर विकत घेऊन नॅशनल ट्रस्टकडे सोपवले. सहा वर्षे काम चालले आणि १९९७ मध्ये ते लोकांना खुले झाले. आत गेलेल्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा अशी: सहा वर्षे केले काय? विटलेले कापड तसेच, तडे तसेच, स्वयंपाकघराचे छत काजळीने काळे कुळकुळीत. काजळी पुसली तर घराची बरकत जाते अशी समजूत असल्याने ते छत कधी धुतलेच नाही, आणि ट्रस्टनेही धुतले नाही.

झाले ते न दिसणारे काम: छप्पर, पन्हळी, विजेच्या तारा, कापडातली कीड. बाकी ‘जसे सापडले तसे’ ठेवायचे असे ठरवूनच ठेवले. पूर्ववत करायचे म्हटले तर कोणत्या सालचे करायचे? १६१२ चे केले तर १७०० चा पडदा काढून टाकावा लागेल. मला हा युक्तिवाद पटतो, पण त्याला एक फट आहे: झीज थांबवायची म्हणजे घराचे जगणेही थांबवायचे. जे घर चारशे वर्षे हळूहळू झिजत आले, ते १९९१ मध्ये अचानक गोठवले.

मालकाला स्वतःला हवे ते करता आले असते का? नाही. इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी आहे आणि तिच्यात तीन श्रेणी आहेत. सर्वांत वरच्या श्रेणीत यादीतल्या जेमतेम अडीच टक्के इमारती येतात. चॅसलटन त्यांत आहे. अशा घराची साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागते. दगडांच्या सांध्यात सिमेंट भरायचे नाही, चुनाच वापरायचा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ओल अडवते, मग ती दगडात मुरते, थंडीत गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. गेल्या शतकात ‘मजबुती’साठी सिमेंट भरलेल्या कित्येक घरांची दुरुस्ती म्हणजे आज ते सिमेंट खरवडून काढणे.

पण हे सगळे आपल्याच पैशावर ना?

मराठी घोळक्यात हा प्रश्न दहाव्या मिनिटाला येतो, आणि यायलाच हवा. चॅसलटनपुरते उत्तर नाही असे आहे. ईस्ट इंडिया कंपनी १६०० मध्ये स्थापन झाली आणि या घराचे काम संपत आले तेव्हा ती सुरतेत पाय रोवायच्या खटपटीत होती. हे घर इंग्लंडच्या मेंढ्यांनी, इंग्लंडच्या कोर्टकचेऱ्यांनी आणि इंग्लंडच्या कुळांनी भरलेल्या खंडाने उभे राहिले.

शेजारचे मात्र तसे नाही. तिथून काही मैलांवर डेल्सफर्ड आहे. घराण्याच्या हातून गेलेली ती जमीन १७८८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने परत विकत घेतली. सालबाईचा तह झाला तेव्हा कलकत्त्याच्या गादीवर होता तोच. पार्लमेंटमध्ये त्याच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालू असतानाच त्याने तिथे नवे घर बांधले. त्याचे वास्तुकार सॅम्युअल पेपिस कॉकरेल. त्यांनीच पुढे जवळच सेझिंकोट बांधले, भाऊ चार्ल्स कॉकरेलसाठी. हाही कंपनीतून पैसा कमावून परतलेला. त्या घरावर तर कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट आणि मोगली कमानी आहेत. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या मालमत्तांचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी संबंध तपासणारा अहवाल काढला, त्यात ९३ ठिकाणांची नावे आली आणि तिकडे मोठा गदारोळ झाला.

म्हणून एखाद्या घरापुढे उभे राहिल्यावर आधी बांधकामाचे साल विचारावे. १६५० पूर्वीचे असेल तर लोकर, वकिली, राजदरबार किंवा मठांच्या जप्त जमिनी यांपैकी काहीतरी निघते. १७६० नंतरचे असेल तर मालक तरुणपणी कुठे नोकरीला होता, हा पुढचा प्रश्न. डेल्सफर्ड आज खासगी आहे, आत सोडत नाहीत. सेझिंकोट ठरावीक दिवसांतच पाहायला मिळते, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा पाहून घ्या.